मोठे इंजिन आणि मालकाची साक्ष

आजच्या भाषणाचा विषय आपल्या नित्य परिचयाचा नाही. अमेरिका व कॅनडा या देशांत शेतकरी, शिकारी, जंगलखात्याचे लोक आणि हौशी प्रवासी एक आटोपशीर वाहन सर्रास वापरतात. चार फुगीर चाके, मोटारसायकलसारखे हँडल आणि घोड्यावर बसावे तशी मांड टाकून बसण्याचे आसन, असे त्याचे रूप असते. चिखल, वाळू, बर्फ, खडक यांपैकी कशावरूनही जाता यावे म्हणून घडविलेले हे वाहन ए. टी. व्ही. या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्यातील मोठ्या इंजिनाच्या गाड्यांविषयी त्यांच्या मालकांचे काय मत आहे आणि त्या मतावर किती विसंबावे, याचा आज विचार करू. प्रश्न परदेशी वाहनाचा असला, तरी यंत्र विकत घेणाऱ्या कोणालाही तो चुकत नाही.

१९७० साली होंडा कंपनीने अमेरिकेच्या बाजारात आणलेल्या या जातीच्या पहिल्या गाडीला तीनच चाके होती. तिचे इंजिन अवघे ८९ घनसेंटिमीटरचे आणि शक्ती सुमारे सात अश्वशक्ती होती. १९८२ साली सुझुकीने चार चाकांची गाडी आणली. पुढे कंपन्यांमध्ये चढाओढ लागली आणि इंजिने वाढत गेली. २०१२ साली आलेल्या कॅन-ॲम आउटलँडर या गाडीचे इंजिन ९७६ घनसेंटिमीटरचे आणि दोन सिलिंडरांचे होते. तिची शक्ती ऐंशी अश्वशक्तीच्या पुढे गेली होती. चाळीस-बेचाळीस वर्षांत शक्ती दसपटीहून अधिक वाढली.

या शक्तीविषयी मालकांमध्ये फारसा मतभेद नाही. उभा चढ असो, मागे लाकडांनी भरलेली गाडी असो वा गुडघाभर बर्फ असो, मोठे इंजिन कण्हत नाही, हे बहुतेक सर्वच सांगतात. उणिवाही ते सांगतात. इंधन अधिक लागते, इंजिनाची धग मांड्यांना जाणवते आणि वजन साडेतीनशे किलोच्या घरात असल्यामुळे चिखलात रुतलेली गाडी एकट्याने निघत नाही.

मते दुभंगतात ती भरवशाच्या प्रश्नावर. एक मालक म्हणतो, पाच वर्षांत तेलाखेरीज काही बदलले नाही. दुसरा म्हणतो, पहिल्याच हंगामात पट्टा तुटला. दोघेही खरे बोलत असतात. या गाड्यांपैकी बहुतेकींमध्ये इंजिनाची शक्ती चाकांकडे नेण्यासाठी दोन कप्प्यांवरून फिरणारा रबरी पट्टा असतो. वेग वाढेल तशा कप्प्यांच्या कडा जवळ-दूर सरकतात आणि गिअर बदलण्याची दगदग वाचते. परंतु जड ओझे ओढताना खालचा गिअर न टाकता जोर लावला, तर पट्टा घसरतो, तापतो आणि जळतो. त्याच्या पेटीत पाणी शिरले, तरीही तो घसरतो. होंडा कंपनीने आपल्या कामाच्या गाड्यांत पट्टा टाळून दंतचक्रे वापरली. तिच्या गाड्यांच्या टिकाऊपणाचे कौतुक करणारे मालक याच गोष्टीकडे बोट दाखवितात. इतर कंपन्यांच्या गाड्यांचे मालक मात्र तिच्या गाड्या धिम्या म्हणून नाक मुरडतात.

यात आणखी एक मेख आहे. पुष्कळ मालक गाडी घेताच तिला मूळच्याहून मोठे टायर बसवितात. पट्ट्यावर आणि आसांवर त्याचा ताण येतो, आणि आस मोडला की दोष कंपनीला दिला जातो. कित्येक जण धुळीच्या वाटेने रोज जातात, पण हवेची गाळणी साफ करीत नाहीत. ती धूळ आत जाऊन सिलिंडर झिजविते. उलटपक्षी, हजारो डॉलर मोजून घेतलेल्या वस्तूत खोट आहे, असे कबूल करण्यास मन धजत नाही. आपला तो बाब्या, ही वृत्ती यंत्राच्या बाबतीतही सुटत नाही. शिवाय नव्याचे नऊ दिवस असतातच. पहिल्या महिन्यातले मत शक्तीविषयी काही सांगेल. भरवशाविषयी ते काहीच सांगू शकत नाही.

म्हणून मालकाचे मत ऐकताना त्याला तीन प्रश्न विचारावेत. गाडी किती तास चालली? कोणत्या जमिनीवर आणि किती ओझ्याने चालली? तिच्यात कोणते फेरफार केले? या गाड्यांवर चाललेल्या तासांची नोंद दाखविणारे यंत्र असते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर तरी अंदाजाने देण्याचे कारण नाही.

अशी नेमकी साक्ष किती मोलाची ठरते, हे अमेरिकेतच दिसून आले आहे. ग्राहकांनी धोकादायक वस्तूंची माहिती कळवावी, म्हणून तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगाने २०११ साली एक सार्वजनिक नोंदवही उघडली. याच कुळातील, दोघांनी शेजारी बसण्याच्या पोलॅरिस गाड्यांना आगी लागल्याच्या दीडशेहून अधिक तक्रारी आल्यानंतर २०१६ साली सुमारे १ लाख ३३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्या आगींपैकी एकीत पंधरा वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला होता. अशा दोषांची माहिती वेळेवर कळविली नाही, या आरोपावरून त्या कंपनीने २०१८ साली २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले.

मालकाच्या मौनाचाही इतरांवर परिणाम होतो, हे यावरून ध्यानात यावे. अपघातांची संख्या वाढल्यावर १९८८ साली अमेरिकेत तीनचाकी गाड्यांची विक्री थांबविण्यात आली. चारचाकी गाडीही उलटते, आणि तिचे वजन स्वारावरच येते. सोळा वर्षांखालील मुलांच्या हाती मोठ्यांची गाडी देऊ नये, असा इशारा आयोगाने वारंवार दिला आहे; पण 'माझा मुलगा तरबेज आहे' म्हणणारे मालक तेथेही आहेत.

श्रोतेहो, शेतीचा पंप असो, दळणाची चक्की असो वा मोटारसायकल असो, उद्या कोणी शेजारी आपल्याला विचारील, 'कशी काय चालते हो?' तेव्हा 'झकास' म्हणून त्याची बोळवण करू नका. ती किती चालली, कोठे अडली आणि कशामुळे अडली, तेही सांगा. आपल्या शब्दावर तो आपले पैसे लावणार आहे. आणि कदाचित आपल्या मुलालाही त्याच यंत्रावर बसविणार आहे.