कवडीचे मोल



कामगारांच्या सभांतून पगाराचे हिशेब मांडणारी आम्ही माणसे आज समुद्रातल्या एका गोगलगाईवर बोलणार आहोत. ही गोगलगाय आपणांस परकी नाही. गोंधळ्याच्या गळ्यात, बेंदराला बैलाच्या गळ्यात आणि सारीपाटावर तिचेच घर असते. तिचे नाव कवडी.

जिवंतपणी हिचे मऊ अंग बाहेर येऊन शंखाला दोन्ही बाजूंनी वेढते. त्या अंगातूनच शंखावर थर चढत जातात. म्हणून कवडी घासल्याशिवाय चकाकते. वाढ पुरी झाली की तोंडाच्या कडा आत वळतात, त्यांवर दात उमटतात आणि शंखाची लांबी वाढायची थांबते. त्यामुळे बहुतेक कवड्या दोन-तीन सेंटिमीटरच्या, मोजायला सोयीच्या. कुजत नाही, गंजत नाही, खोटी पाडता येत नाही. नाण्याला आणखी काय हवे?

हा माल मुख्यतः मालदीव बेटांतला. तिथली माणसे समुद्रातून कवड्या वेचीत आणि खड्ड्यांत पुरून आतला जीव कुजवीत. चौदाव्या शतकात तिथे राहिलेला इब्न बतूता सांगतो, की बंगालचे लोक तांदूळ देऊन कवड्या नेत.

आपल्या भास्कराचार्यांनी 1150 सालच्या ‘लीलावती’त आरंभीच कोष्टक दिले आहे: 20 कवड्यांची काकिणी, 4 काकिणींचा पण, 16 पणांचा द्रम्म. म्हणजे 1280 कवड्या. ओरिसातला काहणही 1280 कवड्यांचाच.

त्या ओरिसावर 1751 पासून नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि शेतसारा कवड्यांत भरता येई. 1803 साली कंपनी सरकार आले. त्याने सारा चांदीच्या रुपयात मागितला. कवडीची किंमत घसरली. रुपयाला चार काहण, म्हणजे 5120 कवड्या पुरत. तिथे सहा-सात काहण मोजावे लागले. शेत तेच, घाम तोच, आणि ज्याची मिळकत कवड्यांत, त्याच्यावरचा बोजा मात्र दीडपट. 1817 साली बक्षी जगबंधूंच्या मागे खुर्द्याचे पाईक उठले. जमिनी गेल्या, मीठ महागले, ही कारणे होतीच. त्यांत कवडीचीही भर होती.

मंडळी, समुद्रातली गोगलगाय 1803 साली होती तशीच होती. सरकारी कचेरीने ती घ्यायचे नाकारले, एवढ्यानेच गरिबाच्या गाठीची पुंजी कवडीमोल झाली.

आम्ही महागाई भत्ता मागतो, तेव्हा शहाणे लोक विचारतात, ‘पगार कापला का कुणी?’ नाही कापला. आकडा तोच आहे; त्यात येणारे धान्य कमी झाले आहे. खुर्द्याच्या शेतकऱ्याच्या पोत्यातूनही कुणी कवडी काढून नेली नव्हती. म्हणून हातात पडलेले पैसे मोजाल, तेव्हा त्यांत किती किलो ज्वारी बसते हेही मोजा, आणि हा भाव कुणी ठरवला, हे विचारायला कचरू नका.