दुधाच्या वहीत आजाराचा रकाना



 पशुवैद्यकांच्या अधिवेशनात अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो छापील अहवालात आपल्या हाती आहेच, म्हणून मी थेट मुद्द्यावर येतो. हा मुद्दा कित्येक अधिवेशनांत मला मांडायचा होता.

आपण गाईच्या दुधाची, फॅटची, वेतांची नोंद ठेवतो. वळूची किंमत त्याच्या लेकींच्या दुधावरून ठरवतो. पण कोणती गाय गोचिडातून येणाऱ्या थायलेरियाच्या आजारातून औषधाविना उठली, तिच्या लेकी उठल्या की नाही, याचा रकाना आपल्या वहीत नाही. तो असावा म्हणून मी एका कार्यालयात लेखी प्रस्ताव दिला होता. ‘याचा उत्पादनाशी संबंध नाही’ असा शेरा मारून तो परत आला. त्या शेऱ्याचे उत्तर आज देतो.

माणदेशात नोकरीला असताना सांगोल्याकडच्या एका वस्तीवर गेलो होतो. एकाच दावणीला एक खिलार गाय आणि एक होल्स्टीन संकरित कालवड. कालवडीला १०६ ताप, खांद्यापुढची गाठ मुठीएवढी, डोळ्यांची आतली कड पांढरीफटक. गाठीत सुई घालून काच तयार केली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपेशीत थायलेरियाचे निळे पुंजके दिसले. औषध तेव्हा तालुक्याला मिळत नव्हते. कालवड गेली. खिलारीच्या रक्तातही थोडे परजीवी सापडले, पण ती कडबा ओढत उभी होती. मालक म्हणाला, “डॉक्टर, गोचीड दोघींच्या बी अंगावर हाय. मग हीच का गेली?”

संकरित जनावरे केवळ गोठ्याच्या अस्वच्छतेने मरतात, असे सकाळच्या चर्चेत दोघातिघांनी ठासून सांगितले. माझे उत्तर ती दावण आहे. शेण तेच, गव्हाण तीच, गोचीडही तेच.

थायलेरिया जनावराच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीलाच बेसुमार वाढायला लावतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्रिटनमधल्या संशोधकांनी साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना एकाच परजीवीची लागण केली. साहिवाल वासरे उपचाराविना सावरली, होल्स्टीन वासरांची अवस्था गंभीर झाली. साहिवालांच्या रक्तात दाह दाखवणारी प्रथिने बरीच कमी होती. म्हणजे परजीवी अंगात असतानाही त्यांचे शरीर स्वतःच्या नाशाला कारण होईल असे पेटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गाई गोचिडाच्या हंगामात मेल्या त्या वंशाविना गेल्या. ज्या उरल्या, त्यांचे हे देणे आहे.

बुळकांडी या गुरांच्या साथीने प्रतिकाराचा हा फरक फार मोठ्या प्रमाणावर दाखवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती इरिट्रियात शिरली, भारतातून नेलेल्या गुरांबरोबर असे मानतात. दहाएक वर्षांत ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचली आणि वाटेत गुरांचे कळपच्या कळप संपले. आपल्या मैदानी जाती त्याच रोगाला बऱ्याच अंशी तोंड देत होत्या. मुक्तेश्वरच्या ज्या संस्थेची सुरुवात १८८९ मध्ये आपल्या पुण्यात झाली, त्या संस्थेत एडवर्ड्स यांनी १९२०च्या दशकात शेळीत वाढवलेल्या विषाणूची लस काढली. मैदानी गुरांना ती मानवली; विदेशी आणि डोंगरी जनावरांना तीच लस जड गेली. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. त्या यशात आपल्या गुरांच्या रक्ताचाही वाटा आहे, हे कुणी सांगत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मित्रांशी भांडतो. देशी गाईला काही होत नाही, असे व्यासपीठांवरून सांगणे थांबवा. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची मोठी साथ आली तेव्हा देशी जनावरे आपल्या डोळ्यांदेखत गेली. अंगभर गाठी, सुजलेले पाय, बैल बसला की उठेना. त्या विषाणूशी आपल्या गुरांची जुनी ओळख नव्हती. प्रतिकार हा जातीचा सर्वसाधारण सद्गुण नाही. एका विशिष्ट जंतूशी झालेल्या दीर्घ झगड्यातून तो येतो.

आणि जंतू काळाने आपोआप मवाळ होतो, हेही खरे नाही. ऑस्ट्रेलियात १९५० मध्ये सशांवर सोडलेला मिक्सोमा विषाणू सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक सशाला मारत असे. लवकर मेलेल्या सशाकडून डासांना विषाणू उचलायला वेळ कमी मिळतो, म्हणून काही वर्षांत थोडे सौम्य प्रकार पसरले. पण तेही बहुतेक सशांना मारतच होते. दरम्यान ससे चिवट झाले आणि त्यांच्यापाठोपाठ विषाणूनेही पुन्हा जोर धरला. आपल्या गाईंचा प्रतिकारही असाच चालत्या शर्यतीतला आहे. वळू निवडताना तो सोडून दिला, तर काही पिढ्यांत तो विरळ होईल आणि गोचीड मात्र तिथेच असेल.

संकरीकरण बंद करा असे मी म्हणत नाही. संकरित गाईंच्या दुधावर घरे चालतात. तरुण मित्रांनी एक समिती करावी, दोनचार तालुक्यांच्या दवाखान्यांतून सुरुवात करावी. गोचीड किती, गाठ आली का, औषधाविना उठली का, एवढेच लिहावे. तक्ता कसा असावा, विद्यापीठाला कसे जोडून घ्यावे, ते त्यांनी ठरवावे. दुपारचे संपूर्ण सत्र कृत्रिम रेतनाच्या आकडेवारीला दिले आहे. त्यातला अर्धा तास या रकान्याला द्यावा, अशी सूचना मी अध्यक्ष म्हणून मांडतो आणि ती इतिवृत्तात नोंदवावी अशी चिटणीसांना विनंती करतो.