तिकिटाचे पैसे आणि मजुरीचा पल्ला



बिदर-कलबुर्गी सीमाभागातील औराद, भालकी, आळंदच्या मजूर स्त्रीचा रोजगार बसभाड्याशी जखडलेला होता. भाडे मजुरीतून वजा होई. म्हणून जवळच्या शेतावर मिळेल तो दर ती पत्करी. ११ जून २०२३ रोजी कर्नाटकात ‘शक्ती’ योजना सुरू झाली. साध्या सरकारी बसचा प्रवास स्त्रियांना मोफत झाला, दूरच्या कामाची वाट मोकळी झाली. त्याच ऑगस्टमध्ये पात्र कुटुंबातील कर्त्या स्त्रीसाठी दरमहा २,००० रुपयांची ‘गृहलक्ष्मी’ आली.

अशा मदतीने बायका आळशी होतील, असे म्हणणाऱ्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे : घरची चूल पेटणार असेल, तरच अपुऱ्या मजुरीला नकार देता येतो. मात्र मोफत तिकिटाला वेळेवर बस हवी आणि प्रवासाअंती काम हवे.