एका पैशाचा उद्योजक
(जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



मी तहसील कचेरीतला कारकून, शिक्षण एस.एस.सी. भाषणाची सवय नाही. परंतु परवाच्या बैठकीत एक प्रश्न निघाला, की अकरा रुपये देणाऱ्याचे नाव पुस्तिकेत छापायचे की 'इतर' म्हणून एक ओळ टाकायची? तेव्हापासून मला आपल्याच मावळातील एका गोष्टीची आठवण होत आहे.

तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना जुन्या माणसांना माहीत आहे. त्या फंडाचे जनक अंताजी दामोदर काळे. त्यांची कल्पना अशी, की हिंदुस्थानातील प्रत्येकाने देशी उद्योगासाठी वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. लोकसंख्या ढोबळ मानाने तीस कोटी धरली, तर ४६ लाख ८७ हजार ५०० रुपये होतात. हिशेब मी कागदावर करून पाहिला, बरोबर येतो. एवढी रक्कम अर्थातच कधी जमली नाही. चौसष्ट दारे हिंडावे तेव्हा कुठे एक रुपया! लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली आणि १९०८ साली तळेगावात कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी जुलैत लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पाठीराखा दूर गेला, तरी भट्टी विझली नाही.

काही सुशिक्षित मंडळी मला म्हणतात, "काळ्यांना देशभक्त म्हणा, उद्योजक कसे म्हणता? कारखाना त्यांचा थोडाच होता?" खरे आहे, तो फंडाचा होता. पण सावकाराकडून कर्ज काढणाऱ्याला आपण उद्योजक म्हणतो, मग हजारो गरिबांकडून भांडवल उभे करणाऱ्याला का नाही? शिवाय जोखीम काय कमी होती? सावकाराचा पैसा बुडाला तर दावा लागतो. लोकांचा पैसा बुडाला तर गावात तोंड दाखवता येत नाही. कचेरीत चार आण्यांचा मेळ बसेना तर आम्ही रात्री कंदील लावून बसत असू, असे जुने अव्वल कारकून सांगत. अंताजीपंतांची तर सारी पतच त्या पैशापैशात अडकलेली.

पारखही मोठी. काच म्हणजे वाळू, सोडा, चुना आणि भट्टी, पण हात शिकलेला नसेल तर सगळे वाया. म्हणून जपान-अमेरिकेत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती काम दिले गेले आणि कारखान्यातच आपली मुले शिकवून तयार होऊ लागली. पुढे वार्ष्णेयांनी उत्तरेत बहजोईला काचेचा कारखाना काढला. म्हणजे तळेगावच्या भट्टीची धग पार तिकडे पोचली. स्वतःसाठी कारखाना काढणारे पुष्कळ असतात. दुसऱ्यांनी कारखाने काढावेत अशी सोय करणारा विरळा. मावळात उद्योजकांची यादी झाली तर पहिले नाव त्यांचे असावे, असे माझे मत आहे.

आता आपल्या यादीविषयी. अकरा रुपयेच काय, पाच रुपये देणाऱ्या म्हातारीचेही नाव छापावे. कागद वाढेल ही अडचण सांगू नये. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती माझ्याकडे आहेत. रविवारपर्यंत सगळी नावे मी स्वतः उतरवून देतो.