जीर्णोद्धार देवळाचा आणि मनाचा



1630 च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. देहूच्या तुकोबांच्या घरी व्यापार होता, सावकारी होती. तरी पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या; मुलगाही गेला. घरातली कर्जखते कोणालाच वाचवू शकली नाहीत. परंपरा सांगते, तुकोबांनी निम्मी खते धाकटे बंधू कान्होबांना दिली व आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ज्या हातांनी ऋणको मोकळे केले, त्याच हातांनी वडिलोपार्जित भंगलेले विठ्ठलमंदिर सावरले.

गोंदिया जिल्ह्यातल्या धानकऱ्यालाही कोरडे साल ठाऊक आहे. दात्यांच्या कृपेने मंदिर उभे राहिले. आता शेजाऱ्याची चूलही पेटती राहावी. आपले माणूस गेल्यावर नव्हे, ते असतानाच हे उमगावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.