शाकाहार : बाजारात आणि उपाहारगृहात



आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या मनात शंका आली असेल की, ज्या व्यासपीठावर राज्यकारभार, वाङ्मय आणि तत्त्वज्ञान यांचा ऊहापोह व्हावयाचा, तेथे भाजीबाजार आणि हॉटेल यांना जागा कशी मिळाली? शंका रास्त आहे. परंतु मनुष्य दिवसातून दोनदा तरी जेवतो, आणि आता त्यांतले एखादे जेवण घराबाहेर तयार झालेले असते. पूर्वी शाकाहार सांभाळण्याचे काम स्वयंपाकघर करी. आज ते पाकिटावरच्या बारीक अक्षरांवर आणि ओळख नसलेल्या आचाऱ्यावर येऊन पडले आहे. न पाहिलेल्या माणसाने रांधलेल्या अन्नावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावयाचा, हा आमच्या मते आजचा खरा विषय आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. आपल्याकडे शाकाहारी म्हणजे मांस, मासे आणि अंडी वर्ज्य करणारा. दूध, दही, तूप त्याला चालते. विलायतेत 1847 साली शाकाहारी मंडळ स्थापन झाले, पण तेथल्या पुष्कळ शाकाहाऱ्यांना अंडे चालते. 1944 साली इंग्लंडातच डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हीगन’ हा नवा शब्द घडविला. मांस, मासे, अंडी यांबरोबर दूध, दुधाचे सर्व पदार्थ आणि मधही वर्ज्य करणारा तो व्हीगन. जैन मंडळी कंदमुळे वर्ज्य करतात, उपवासाचे नियम आणखी निराळे. तेव्हा ‘शाकाहारी’ या एका पाटीखाली चार प्रकारची माणसे जेवायला बसतात, आणि प्रत्येकाला वाटते की पाटी आपल्याच अर्थाने लिहिली आहे.

या घोळाचे उत्तम उदाहरण गांधीजींच्या आत्मकथेत आहे. 1888 साली ते विलायतेस गेले तेव्हा मांस न खाण्याचे वचन आईला देऊन गेले होते. पुष्कळ दिवस अर्धपोटी काढल्यावर फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना एक शाकाहारी उपाहारगृह सापडले आणि तेथे ते विलायतेत आल्यापासून प्रथमच पोटभर जेवले. पण पुढे प्रश्न उभा राहिला तो ‘मांस’ या शब्दाच्या अर्थाचा. कोणी म्हणे अंडे मांस नव्हे, कोणी म्हणे दूधही वर्ज्यच. गांधीजींनी निर्णय असा केला की, ज्या आईने वचन घेतले तिच्या मनातला अर्थ तोच खरा. आणि तिच्या अर्थात अंडे वर्ज्य होते. मग शाकाहारी उपाहारगृहातसुद्धा प्रत्येक पदार्थात अंडे आहे काय, हे विचारण्याचे अवघड काम त्यांना करावे लागले. त्यांचा स्वभाव किती लाजाळू होता हे आपण जाणता. तरीही त्यांनी विचारले. शाकाहारी माणसाच्या अंगी दुसरे काही नसले तरी न लाजता विचारण्याचे एवढे धैर्य असावे लागते.

आता बाजारात चला. पाकिटावरचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका आता लहान मुलांनाही ठाऊक आहे. या शतकाच्या आरंभी सरकारने तो सक्तीचा केला. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी ठिपका असे. 2020 च्या नियमांनी त्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला. कारण साधे पण सहृदय आहे : ज्यांना हिरवा आणि तपकिरी रंग वेगळे दिसत नाहीत, त्यांना आकारावरून तरी भेद कळावा. पण ठिपक्याचा अर्थ कायद्याने ठरविलेला आहे, आपल्या मनाने नव्हे. त्या व्याख्येत दूध आणि दुधाचे पदार्थ शाकाहारात येतात. मध, मधमाशांचे मेण आणि गोळ्यांना चकाकी आणणारी लाखही त्यात बसते. लाख हा किड्याचा स्राव आहे. ज्याला तो चालत नाही, त्याला हिरव्या ठिपक्याने पुरेसा आधार मिळत नाही. व्हीगन पदार्थांसाठी 2022 साली स्वतंत्र नियम झाले आणि पालवी फुटलेल्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचे हिरवे चिन्ह ठरले. ते दिसले तर काम सोपे. पण किराण्याच्या दुकानात ते अजून क्वचितच दिसते, म्हणून घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही.

ही यादी वाचण्याची एक रीत आहे. पदार्थात जे वजनाने सर्वांत जास्त, ते यादीत प्रथम येते. व्हीगन माणसाने आधी शेवटाकडे पाहावे; कारण ज्या घटकांचे काही लोकांना वावडे असते, ते वेगळे सांगण्याची सक्ती आहे, आणि त्यांत दूध, अंडे व मासे येतात. तेथे ‘दूध आहे’ असे लिहिले असेल तर पाकीट परत ठेवावे. ‘दुधाचा अंश असू शकेल’ असे असेल तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की त्याच यंत्रावर दुधाचाही माल निघतो. ते घ्यावे की न घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. मग मधल्या ओळी पाहाव्या. केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स ही सारी दुधाचीच नावे आहेत. साध्या बिस्किटापासून मसालेदार वेफरपर्यंत ती कोठेही भेटतात. उलट लॅक्टिक आम्ल या नावाने दचकू नये. ते बहुधा साखर आंबवून करतात. बिनअंड्याचा केक पाहून शाकाहारी सुखावतो, पण त्यात अंड्याची उणीव पुष्कळदा आटीव दुधानेच भरून काढलेली असते.

त्यानंतर आकडे येतात. 120 म्हणजे कार्माइन, किड्यांपासून काढलेला लाल रंग. 901 म्हणजे मधमाशांचे मेण, 904 म्हणजे लाख. 631 हा चव वाढविणारा पदार्थ मांसापासून वा माशांपासून निघतो, तसाच वनस्पतिज पिठूळ द्रव्य आंबवूनही निघतो. 471 तेलापासूनही होतो आणि चरबीपासूनही. म्हणजे आकड्यावरून उगम कळत नाही. हाच प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेला, आणि डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने सांगितले की, नुसता आकडा पुरेसा नाही. घटक वनस्पतीपासून आला की प्राण्यापासून, हे उत्पादकाने स्पष्ट केले पाहिजे. आपल्या पोटात काय जाते हे जाणण्याचा अधिकार माणसाला आहे, हे तत्त्व त्यामागे आहे. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाचेही तसेच. पूर्वी तो जनावरांच्या आतड्यांच्या थरांत ठेवून कुटीत. 2016 च्या नियमाने वर्ख करण्याच्या कोणत्याही टप्प्यावर प्राणिज वस्तू वापरण्यास बंदी झाली. हे बदल आपोआप झाले नाहीत. कोणीतरी चिकाटीने विचारीत राहिले, म्हणून झाले.

पण एवढी आकडेमोड ज्यासाठी करावी लागते, ते अन्न मुळात किती घ्यावे? हिरवा ठिपका पाकिटात काय नाही तेवढे सांगतो. जे आहे ते चांगले आहे असे सांगत नाही. मैदा, साखर, मीठ आणि तेल ही चारही शाकाहारीच आहेत. उत्तम शाकाहार मंडईत मिळतो आणि तेथे कोणत्याच वस्तूवर ठिपका नसतो. सध्याचे दिवस पाहा. कैरी आली आहे, कोवळा फणस आला आहे, कोकणातून ओले काजूगर येत आहेत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण आंबेडाळ आणि पन्हे देतो. त्यात दुधाचा थेंब नाही. पुढे पाऊस पडला की ठाणे-रायगडच्या बाजारांत आदिवासी भगिनी टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे घेऊन बसतील. शेवळ्यांबरोबर काकडे मागून घ्या असे त्या सांगतील, कारण त्यांच्यावाचून शेवळे घशाला खाजतात. हे ज्ञान कोणत्याही पाकिटावर छापलेले नसते. ते विकणारीला विचारूनच मिळते.

आता उपाहारगृहाकडे वळू. या बाबतीत आपण भाग्यवान आहो. माटुंग्याला 1942 साली सुरू झालेल्या रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगसारख्या संस्थांनी घरापासून दूर नोकरी करणाऱ्या माणसाला स्वस्त, ताजे, शाकाहारी जेवण मिळवून दिले. खाणावळ ही आपल्या नागर जीवनाची मोठी देणगी आहे. तरीही ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीने व्हीगनाचे काम भागत नाही, आणि जेथे दोन्ही प्रकारचे जेवण मिळते तेथे शाकाहाऱ्याचेही नाही. तळणीचे तेल एकच आहे काय? अंड्याची पोळी आणि पाव एकाच तव्यावर भाजतात काय? चिनी पदार्थांच्या गाडीवर भाजीच्या नूडल्समध्ये कोणता सॉस पडतो? किनारपट्टीवर वांग्याच्या भाजीत सुकट असणे ही तर खाशी चव समजतात. गोव्यात गेलात तर ‘शिवराक’ हा शब्द लक्षात ठेवा. त्या एका शब्दाने शाकाहारी जेवण हवे हे तेथे चटकन कळते.

विचारावे कसे, यालाही महत्त्व आहे. वाढप्याला ‘हे व्हीगन आहे काय?’ असे विचारून उपयोग नाही. तो बिचारा ‘हो साहेब, प्युअर व्हेज’ म्हणेल, आणि त्याच्या मते ते खरेच असेल. तूप म्हणजे काही मांस नव्हे, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. त्याला वस्तूचे नाव घेऊन विचारावे : ‘दादा, आमटीची फोडणी तेलाची की तुपाची? भाजीत साय, लोणी, दही आहे काय? पोळीला वरून तूप लावता काय?’ या प्रश्नांची उत्तरे आचारी देऊ शकतो. गर्दीच्या वेळी विचारू नये. थोडे आधी जावे किंवा फोन करावा. आणि निवड करताना परक्या थाटाच्या पदार्थांच्या मागे लागू नये. पंजाबी रस्स्यात साय आणि लोणी असायचेच. पण पिठले-भाकरी, ठेचा, भरली वांगी, मटकीची उसळ, वालाचे बिरडे, कांदेपोहे, सोलकढी हे आपले पदार्थ बहुतेक तेलावर आणि नारळावरच उभे आहेत. मिसळीवर दही नको एवढे सांगितले की पुष्कळदा काम होते. व्हीगन हा शब्द इंग्रजी असला तरी त्याचे ताट मराठी शेतकऱ्याच्या घरी फार जुने आहे. तेथे रोज तूप कोणाला परवडत होते?

परदेशी जाणाऱ्यांना दोन शब्द सांगू. इटलीतले पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनेच करावे असा तेथला नियम आहे, म्हणून ते आपल्या शाकाहाऱ्यालाही चालणारे नाही. जपानात भाजीच्या सारातही ‘दाशी’ म्हणजे बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. उलट इथिओपियात सनातनी ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपवास पाळतात. त्या दिवशी मांस, अंडी, दूध काहीच खात नाहीत. तेथे उपवासाचे जेवण मागितले की डाळींचे आणि भाज्यांचे भरगच्च ताट समोर येते. थायलंडात पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसले की ते ‘जे’ अन्न, त्यात मांसही नाही आणि लसूणही नाही. प्रत्येक देशात संयमाची काही परंपरा असते. तिचे नाव शोधले की जेवण सापडते.

एक सूचना प्रकृतीची. ज्यांनी दूध सोडले त्यांना ब-12 जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. ते वैद्याच्या सल्ल्याने गोळीतून किंवा ते मुद्दाम मिसळलेल्या अन्नातून घ्यावे. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे हाडे-कातडीपासून केलेले असते, म्हणून साधी गोळी मागावी. तत्त्वासाठी प्रकृती झिजविणे हा तत्त्वाचा गौरव नव्हे.

शेवटी ज्या गोष्टीसाठी हा विषय आम्ही निवडला ती सांगतो. आपल्या देशातले बहुसंख्य लोक मांस, मासे किंवा अंडी खातात, हे सरकारी पाहण्यांतूनच दिसते. त्यांच्या पंगतीशेजारी बसून आपल्याला जेवावयाचे आहे. ‘शुद्ध’ या शब्दाला आपल्या समाजात एक कडवट इतिहास आहे. त्या शब्दाने अन्न निवडण्याऐवजी माणसे निवडली गेली; पंगती वेगळ्या झाल्या, आणि आजही भाड्याचे घर देताना स्वयंपाकघरात काय शिजते याची चौकशी होते. ताटात काय आहे हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. शेजारच्या ताटाकडे पाहून नाक मुरडण्याचा हक्क कोणालाही नाही. ज्या करुणेपोटी कोणी मासा सोडला आणि कोणी दूध सोडले, ती करुणा मासळी विकणाऱ्या कोळिणीपर्यंत आणि भांडी घासणाऱ्या पोऱ्यापर्यंत पोहोचली नाही, तर ती अर्ध्या वाटेवरच थांबली म्हणायची. आणि मांसाहारी यजमानांनाही विनंती आहे : घरी आलेल्या पाहुण्याने ‘फोडणी कशाची?’ म्हणून विचारले, तर त्याला हट्टी म्हणू नका. त्याने विचारले, याचा अर्थ तुमच्या उत्तरावर तो विश्वास ठेवणार आहे.