ओठ पुढे, आवाज मागे



आमच्या शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. या नदीच्या काठावर उभं राहून पलीकडे कपडे धुणाऱ्या बाईकडे पाहा. धोपाटणं कपड्यावर पडलेलं आधी दिसतं, 'धप्' आवाज नंतर येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटरवरून यायला त्याला तीन दशांश सेकंद लागतात. आपल्याला जन्मापासून या उशिराची सवय आहे. म्हणून पडद्यावर आवाज जरासा मागे राहिला तर आपण चालवून घेतो. पण आवाज आधी आला आणि ओठ मागून हलले, की लगेच खटकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली याची मापं प्रसिद्ध केली. सेकंदाचे हजार भाग केले, तर आवाज ४५ भागांनी पुढे गेला तरी माणसाच्या लक्षात येतं. मागे पडला असेल तर मात्र १२५ भागांपर्यंत कळत नाही.

हे आज सांगायचं कारण म्हणजे घरोघरच्या लग्नाच्या सीड्या. २००० सालानंतरच्या आठ-दहा वर्षांत शिरूर काय आणि दौंड काय, लग्नाचं शूटिंग व्हीसीडीवर मिळायचं, पुढे डीव्हीडीवर मिळू लागलं. त्याआधीच्या कॅसेटीही लोकांनी सीडीवर उतरवून घेतल्या. आता नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. मग घरातला कुणी हुशार मुलगा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणतो, सीडीची फाईल करतो आणि सगळे पाहायला बसतात.

निकाहात नवरदेव 'कबूल है' म्हणतो, त्याचे ओठ मिटतात, मंडळी गळाभेटीला उठतात, आणि मग 'कबूल है' ऐकू येतं! शेजारच्या घरच्या लग्नात अंतरपाट खाली आला, हार पडले, तरी भटजींचं 'सावधान' यायचंच असतं. पोरं खो खो हसतात. पण त्याच फाईलमध्ये पुढे आजी दिसते. ती आता नाही. ती नातसुनेला काही सांगते आहे, आणि तिचा आवाज भलत्याच माणसाच्या तोंडावर पडतो. तेव्हा कुणी हसत नाही. "सीडी खराब झाली," असं म्हणून ती टाकून दिली जाते.

श्रोतेहो, ती टाकू नका, एवढंच आज मला सांगायचं आहे. बहुतेक वेळा चित्र शाबूत असतं, आवाजही शाबूत असतो. दोघांची फक्त गाठ सुटलेली असते, आणि ती पुन्हा बांधता येते.

मुळात चित्र आणि आवाज ही दोन वेगळी माणसं आहेत. चित्रपटाच्या शूटिंगमध्ये कॅमेऱ्यासमोर पाटी धरून टाळी वाजवतात, ती याचसाठी. कॅमेरा वेगळा चालतो, ध्वनिमुद्रण वेगळं होतं. पाटीच्या फळ्या ज्या चित्रात मिटल्या, तिथे 'टक्' हा आवाज आणून ठेवला की दोघं जुळतात. पुण्यात प्रभातच्या जागेत १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मुलांना पहिल्या दिवसांतच ही पाटी हातात धरावी लागत असेल.

सीडीवरही तसंच आहे. आपल्याकडच्या व्हीसीडीत सेकंदाला २५ चित्रं असतात आणि आवाजाचे ४४,१०० नमुने. डीव्हीडीत हे नमुने ४८,००० असतात. चित्र आणि आवाज लहान लहान पुडक्यांत बांधून एकाआड एक ठेवलेले असतात आणि त्यांवर वेळेचा शिक्का मारलेला असतो. हा शिक्का इतका बारीक, की त्यात एका सेकंदाचे ९०,००० भाग केलेले असतात. टीव्हीजवळचा प्लेअर हे शिक्के वाचून चालतो. फाईल करणारं सॉफ्टवेअर मात्र कधी कधी शिक्के न पाहता सगळी चित्रं एकापुढे एक आणि सगळा आवाज एकापुढे एक लावून मोकळं होतं. तिथे गाठ सुटते.

दुरुस्तीआधी दुखणं ओळखायला हवं. दौंड हे रेल्वेचं गाव, म्हणून घड्याळाचीच उपमा देतो. एकोणिसाव्या शतकात रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले आणि मुंबई स्वतःची वेळ पाळी. दोन्हींत सुमारे अर्ध्या तासाचा फरक होता. पण फरक कायम तेवढाच, त्यामुळे एकदा माहीत झाला की गाडी चुकायची नाही. हा पहिला प्रकार. दुसरं घड्याळ रोज पाच मिनिटं मागे पडतं. सोमवारी पाच, मंगळवारी दहा. तिसरं मधेच काही वेळ बंद पडून पुन्हा नीट चालू लागतं. फाईलची दुखणी हीच तीन.

ओळखायचं कसं? फाईल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीन ठिकाणी पाहा. फरक तिन्हीकडे सारखा असेल तर पहिलं दुखणं. वाढत जात असेल तर दुसरं. एका जागेपर्यंत ठीक आणि तिथून पुढे एकदम बिघडलं असेल तर तिसरं. आणि त्याआधी मूळ सीडी जुन्या प्लेअरवर लावून पाहा. तिथे सगळं जुळत असेल, तर दोष फक्त फाईलचा. तिथेही जुळत नसेल, तर कॅसेटवरून सीडी करतानाच तो शिरलेला आहे. तोही काढता येतो.

पहिल्या दुखण्यावर उपाय सोपा आहे. एखादी टाळी शोधा. लग्नात ताशा असतो, कार्यक्रमात माइकवर टिचकी असते, लावणीच्या सीडीत ढोलकीची थाप असते. व्हीएलसी या फुकट मिळणाऱ्या प्लेअरमध्ये 'ई' दाबलं की चित्र एकेक करून पुढे सरकतं. हात मिटल्यापासून आवाज येईपर्यंत किती चित्रं गेली ती मोजा. एक चित्र म्हणजे ४० मिलिसेकंद; पंधरा चित्रं गेली तर ६००. याच प्लेअरमध्ये 'जे' आणि 'के' दाबून आवाज ५०-५० मिलिसेकंदांनी मागेपुढे करून खात्री करता येते. पण ध्यानात घ्या, ही सोय फक्त पाहण्यापुरती आहे, तिने फाईल बदलत नाही. कायमचा बदल करायला अ‍ॅव्हिडेमक्स किंवा एमकेव्हीटूलनिक्स घ्या. तिथे आवाज सरकवण्याची चौकट असते. आवाज मागे असेल तर आकडा उणे लिहायचा, म्हणजे तो पुढे येतो. चित्राला हात न लावता नवी फाईल तयार होते.

दुसऱ्या दुखण्यात आवाज सरकवून भागत नाही. सुरुवात जुळवली की शेवट बिघडतो. इथे आवाजाची लांबी बदलावी लागते. समजा पहिल्या मिनिटाला सगळं जुळतं आणि त्यानंतर तासाभराने आवाज दोन सेकंद मागे आहे. म्हणजे ३,६०० सेकंदांचं चित्र आणि ३,६०२ सेकंदांचा आवाज. असं बहुधा कॅसेट उतरवताना होतं, कारण चित्र घेणारं कार्ड आणि आवाज घेणारं कार्ड आपापल्या घड्याळावर चालतं. आवाज वेगळा काढून ऑडॅसिटीमध्ये त्याची लय ०.०५६ टक्क्यांनी वाढवा आणि परत जोडा. लय बदलली तरी सूर तोच राहतो, कानाला काही कळत नाही.

फरक फार मोठा असेल तर मात्र आधी आकडे तपासा. ४४,१०० नमुन्यांचा आवाज ४८,००० समजून वाजवला तर तासाचा आवाज ५५ मिनिटं ७ सेकंदांत संपतो आणि आजोबांचा आवाज पोरासारखा चिरका होतो. त्याला लयीचं औषध चालणार नाही. नमुन्यांचा आकडा बरोबर केला, की लांबी आणि सूर दोन्ही जागेवर येतात. चित्रांचंही तसंच. सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकी पद्धतीचे २९.९७ लिहिलेले असतील तर आपल्या सीडीसाठी २५ करा, आणि चित्रांचा वेग कायम ठेवण्याचा पर्याय निवडा.

तिसरं दुखणं ओरखड्याचं. व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून चुका सुधारणाऱ्या जादा नोंदींची जागा चित्रालाच दिलेली आहे. त्यामुळे ओरखडा पडला की काही चित्रं वाचली जात नाहीत, आवाज मात्र पुढे चालू राहतो. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एकाला न जमलेलं दुसऱ्याला जमतं. तरीही नाही जमलं, तर बिघाडाच्या जागी फाईलचे दोन तुकडे करा आणि पहिल्या दुखण्याचा उपाय फक्त दुसऱ्या तुकड्याला करा. डीव्हीडीवरून मात्र एकेक गिगाबाइटच्या फायली सुट्या सुट्या बदलू नका. वेळेचे शिक्के त्यांच्यातून सलग चालतात, म्हणून पूर्ण शीर्षक एकदम घ्या.

आम्ही कविता लिहिणारी माणसं मात्रा मोजत बसतो, म्हणून लोक हसतात. पण एक मात्रा सरकली की ओळ लंगडते, आणि पंधरा चित्रं सरकली की आजीचं बोलणं तिचं राहत नाही. मोजल्याशिवाय दोन्ही सुधारत नाहीत.

'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट १९३१ साली आला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्यातली माणसं काय बोलली, कशी गायली, हे आता कुणाला ऐकता येणार नाही. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उन्हाने आणि दमटपणाने विटत जातो. वर चिकटवलेला कागद सोलला तर खालचा थरही निघून येतो. तेव्हा कपाटातली ती थप्पी आधी सावलीत उभी करून ठेवा. एकेक करून फाईल करा. फाईल जुळत नसली तरी जपून ठेवा आणि मूळ सीडीही ठेवा. जुळवणारं माणूस आज ना उद्या भेटेल, तेव्हा त्याच्या हातात द्यायला चित्र आणि आवाज दोन्ही शिल्लक हवेत.